सायपानचं कडक मैदान

नमस्कार श्रोतेहो. विश्वचषक जवळ आला आणि राष्ट्रीय फुटबॉल संघ सराव शिबिरासाठी एकत्र जमला, की चाहत्यांच्या गप्पांना ऊत येतो. कोणाला बोलावलं, कोणाला डच्चू मिळाला, कोणाचा गुडघा दुखतोय, नवा पोरगा पहिल्या अकरात येणार का. या गप्पा मलाही आवडतात. पण माझं म्हणणं असं, की शिबिराची बातमी कानावर आली की आधी विचारावं, मैदान कसं आहे? चेंडू पोहोचले का? खेळाडू कोणाबरोबर राहताहेत? नावांचा काथ्याकूट नंतर करता येतो.

मैदान, चेंडू, राहणं. या तीन गोष्टी लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर 2002 सालात चला.

मे महिना. विश्वचषक जपान आणि दक्षिण कोरियात. आयर्लंडचा संघ मोठ्या झुंजीनंतर पात्र ठरलेला. पात्रता फेरीत त्यांनी डब्लिनमध्ये नेदरलँड्सला 1-0 हरवलं, आणि तो बलाढ्य डच संघ विश्वचषकाला मुकला. मग इराणशी दोन सामने, त्यातून तिकीट पक्कं. कर्णधार रॉय कीन, मँचेस्टर युनायटेडच्या मधल्या फळीचा कणा. प्रशिक्षक मिक मॅकार्थी, स्वतः आयर्लंडचा माजी कर्णधार.

संघ आधी गेला सायपानला. प्रशांत महासागरातलं छोटंसं बेट. मॅकार्थींचा बेत साधा होता: युरोपातला लांबलचक हंगाम संपवून आलेल्या पोरांना थोडा आराम द्यायचा, अंगाला उष्म्याची सवय लावायची आणि मग जपानमध्ये इझुमोला जाऊन कसून सराव करायचा. बेत वाईट नव्हता. पण संघ पोहोचला आणि सामान पोहोचलंच नाही. सरावाचे कपडे नाहीत, चेंडू नाहीत. आणि मैदान? दगडासारखं कडक. कीननं ते पाहिलं आणि गाड्या उभ्या करायच्या जागेशी त्याची तुलना केली. खेळाडूच्या घोट्याला, गुडघ्याला असलं मैदान काय करतं हे खेळलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पुढं एका सरावात आणखी ठिणगी पडली. शेवटी आपसांत सामना खेळायचा होता, पण गोलरक्षक आधीच घाम गाळून दमले होते, ते त्यात उतरले नाहीत. कीन भडकला. गोलरक्षकांचे प्रशिक्षक पॅकी बोनर, म्हणजे 1990 च्या विश्वचषकात रुमानियाची पेनल्टी अडवून आयर्लंडला उपांत्यपूर्व फेरीत नेणारे बोनर, त्यांच्याशी त्याची जुंपली. इथं माझं एक ठाम मत सांगून टाकतो. गोलरक्षकाचा सराव वेगळा आणि फार जीवघेणा असतो. पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. बाकीचे धावतात ते सगळ्यांना दिसतं, गोलरक्षकाचं पडणं कोणी मोजत नाही. या बाबतीत मी बोनर यांच्या बाजूनं आहे. बरं, पुढं.

कीन म्हणाला, मी घरी जातो. मग समजूत पटली, थांबला. पण त्याच सुमारास त्यानं आयरिश टाइम्सला मुलाखत दिली आणि सगळी तक्रार त्यात मांडली. 23 मे रोजी ती छापून आली. मॅकार्थींनी हॉटेलात सगळ्या संघाला बोलावलं आणि सर्वांदेखत कीनला जाब विचारला. त्यात इराणच्या दुसऱ्या सामन्याचा विषय निघाला. कीन दुखापतीमुळे तेहरानला गेला नव्हता, आणि ती दुखापत खरी होती का असा सूर त्याला ऐकू आला. मग कीनच्या तोंडून जे बाहेर पडलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. खोलीत बावीस खेळाडू, त्याच्या बाजूनं एकाच्याही तोंडून शब्द नाही. त्याच दिवशी निर्णय झाला, कर्णधार घरी जाणार.

तोवर संघाची यादी फिफाकडे गेलेली होती. कीनच्या जागी दुसरा खेळाडू घेता आला नाही. बावीस जणांनिशी आयर्लंड विश्वचषक खेळलं.

आणि देशात? उभे दोन तट पडले. एकाच घरात बाप कीनच्या बाजूनं, मुलगा मॅकार्थींच्या. पंतप्रधान बर्टी अहर्न यांनाही यावर बोलावं लागलं. एका सराव शिबिरावरून अख्खा देश भांडला.

संघ कोसळला असेल असं वाटतं ना? नाही कोसळला. कॅमेरूनशी 1-1. जर्मनीशी सामना हातचा गेला असं वाटत असताना रॉबी कीननं, हा दुसराच कीन, भरपाई वेळेत गोल केला, पुन्हा 1-1. अंतिम सामन्यापर्यंत जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर कानवर झालेला तो एकमेव गोल. मग सौदी अरेबियावर 3-0. बाद फेरीत स्पेनविरुद्ध 1-1 आणि पेनल्टीवर हार. त्या पोरांचं मला आजही कौतुक वाटतं, आणि मधल्या फळीत रॉय कीन असता तर, हा प्रश्नही सुटत नाही.

नंतर आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेनंच चौकशी करवली, आणि तयारीतल्या त्रुटी अहवालात नोंदल्या गेल्या. संघटनेचे सरचिटणीस पायउतार झाले. म्हणजे कीन ओरडला ती जागा, ती वेळ चुकली असेल, पण मैदान आणि चेंडू यांबद्दल त्याचं बरोबर होतं. 2004 मध्ये नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो आयर्लंडकडून पुन्हा खेळला.

आता तिसरी गोष्ट, राहणं. 2014 मध्ये जर्मनीचा संघ ब्राझीलमध्ये समुद्रकाठच्या कांपो बाहियाला उतरला. तिथं वेगवेगळी घरं होती, आणि बायर्न आणि डॉर्टमुंड या प्रतिस्पर्धी क्लबांचे खेळाडू मुद्दाम एकाच घरात मिसळून ठेवले होते. हंगामभर एकमेकांच्या पायात पाय घालणारे सकाळी एकाच ओट्यावर कॉफी पिणार. जर्मनीनं विश्वचषक जिंकला. सगळं श्रेय घरांना कोणी देणार नाही, पण ती वाटणी विचारपूर्वक झाली होती.

आणि शिबिराला भरपूर वेळ मिळाला तर काय होतं, त्यासाठी त्याच 2002 मधलं दक्षिण कोरियाचं उदाहरण बघा. आदल्या वर्षी फ्रान्सकडून 5-0, चेक प्रजासत्ताकाकडून 5-0, असे मार खाल्ल्यावर चाहत्यांनी प्रशिक्षक हिडिंक यांचं नावच पाच-शून्य पाडलं. पण कोरियातल्या क्लबांनी आपले खेळाडू महिनोन्‌महिने सोडले, हिडिंकनी त्यांना पळवलं, दमवलं, पुन्हा पळवलं, आणि संघ उपांत्य फेरीत गेला. असा वेळ आता कोणाला मिळत नाही. 2022 मध्ये क्लबांनी 14 नोव्हेंबरला खेळाडू सोडले आणि 20 तारखेला कतारमध्ये स्पर्धा सुरू. सहा दिवसांत काय शिबिर होणार? फिफानं यावर नियम करायला हवा, किमान तीन आठवडे, आणि क्लबांनी कुरकुर केली तरी तो पाळायला लावावा.

आणखी एक मागणी. शिबिरातला एक सराव तरी चाहत्यांसाठी खुला ठेवावा. पण एकच. 2006 मध्ये ब्राझीलनं स्वित्झर्लंडमधल्या वेगिसला सरावाची तिकिटं विकली, रोज गर्दी, रोज जल्लोष, आणि उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सनं 1-0 नं घरी धाडलं. तेव्हा एक दिवस दारं उघडा, पोरांना सह्या घेऊ द्या, आणि दुसऱ्या दिवसापासून कुलूप लावा. गोलरक्षकांचा सराव मात्र त्या खुल्या दिवशीच ठेवा, लोकांना बघू दे ते किती वेळा पडतात. नमस्कार.