नागपाड्याचं एनबीए आणि मॉस्कोची वारी

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या शाळेच्या मागे बास्केटबॉलचा एक लाकडी बोर्ड होता. उन्हापावसानं पापुद्रे सुटलेला. रिंग धड होती, पण जाळी नव्हती. जाळी नसली की काय होतं हे खेळलेल्यालाच कळेल. चेंडू अगदी मधोमध गेला तर रिंगला न लागता थेट खाली येतो. आवाज नाही, काही नाही. मग निम्मी मुलं ओरडतात ‘गेला!’ आणि निम्मी ‘बाहेरून गेला!’ आमचे कितीतरी सामने खेळण्यात कमी आणि शपथा घेण्यात जास्त गेले.

आपल्या भारतीय पुरुष संघाची गोष्ट काढली की मला ती रिंग आठवते. बास्केट होते, खरोखर होते, पण बघितलेलं कुणी सापडत नाही.

हा खेळ जन्मला १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं पीचच्या टोपल्या गॅलरीला ठोकल्या. म्हणून नाव बास्केटबॉल. वायएमसीएच्याच हातानं तो आपल्याकडे आला. १९३४ साली दिल्लीत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० साली भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. एवढी कागदपत्रं पुरे. आता आपण मुंबईला जाऊ.

मुंबई सेंट्रलला उतरायचं आणि नागपाड्याच्या दिशेनं चालायला लागायचं. गॅरेजं, कबाबच्या शेगड्या, दाटीवाटीच्या चाळी. या वस्तीत क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं नागपाडा नेबरहूड हाऊस उभं केलं. त्यांची संस्था होती अमेरिकन मराठी मिशन. इथेच १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी शाळा सुरू झाली, तीच आजची देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. आणि याच वस्तीतल्या पोरांच्या हाती बास्केटबॉल आला. तो काही सुटला नाही. क्रिकेटवेड्या मुंबईत हा एवढा तुकडा बास्केटबॉलवेडा निघाला. तिथे पोरं घडवणारे वस्ताद होते बाचू खान, आणि पालिकेच्या मैदानाला आज त्यांचंच नाव आहे. तिथल्या संस्थेचं नाव नागपाडा बास्केटबॉल असोसिएशन. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून बघा. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगनं आमचं नाव घेतलं, असं कुणी नागपाडेकर छाती फुगवून म्हणाला, तर मी तरी वाद घालणार नाही.

या मैदानातून गुलाम अब्बास मुंतसिर आला. भारताकडून खेळला, भारताचा कर्णधार झाला, १९७० साली अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. त्याच्या आधी सरबजितसिंग, खुशीराम, गुरदयालसिंग, हरी दत्त यांना हा मान मिळाला होता. नावं बघा, बहुतेक उत्तरेकडची. त्यात हा एक नागपाड्याचा.

१९७५ साली बँकॉकला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. चीन पहिला, जपान दुसरा, दक्षिण कोरिया तिसरा. आणि चौथा भारत. फिलिपिन्स म्हणजे गल्लीगल्लीत रिंग टांगलेला देश, तोही आपल्या मागे राहिला. या स्पर्धेतली आपली सर्वोत्तम कामगिरी आजही तीच आहे. ठाऊक होतं तुम्हाला? मला तर चाळिशी उलटल्यावर कळलं.

मग आलं १९८०, मॉस्को ऑलिम्पिक. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या म्हणून अमेरिकेनं बहिष्कार घातला. आशियातून पात्र ठरलेला चीनही गेला नाही. रिकाम्या जागी भारताची वर्णी लागली. आपला पुरुष संघ ऑलिम्पिकला गेला तो एवढ्या एकाच वेळी. मागच्या दारानं का होईना, गेला.

दार उघडून आत पाहतात तर समोर कोण? गटात यजमान सोव्हिएत संघ. त्यांचा सर्गेई बेलोव्ह म्हणजे उद्घाटनाला स्टेडियममधली ऑलिम्पिक ज्योत ज्यानं पेटवली तो. त्यांचा सेंटर व्लादिमीर त्काचेन्को सव्वासात फुटांचा. ब्राझीलकडे ऑस्कर श्मिट. शिवाय चेकोस्लोव्हाकिया. सोव्हिएत संघाविरुद्ध निकाल लागला १२१–६५. पुढचे सामनेही हरलो आणि बारा संघांत बारावे आलो. तरी मी म्हणेन, त्या उंचीसमोर पासष्ट पॉइंट काढायलाही मनगट लागतं. अजमेरसिंग, हनुमानसिंग, राधेश्याम ही मंडळी त्या संघात होती.

पण मॉस्को म्हटलं की आपल्याला काय आठवतं? हॉकीचं सुवर्ण. त्याच शहरात, त्याच पंधरवड्यात आपण हॉकीचं आठवं सुवर्णपदक जिंकलो. त्या जल्लोषात बास्केटबॉलचे बारा खेळाडू कधी गेले आणि कधी परतले, कुणी बघायलाही थांबलं नाही. पुन्हा तीच जाळी नसलेली रिंग.

मधली वर्षं मी भरभर ओलांडतो, कारण सांगण्यासारखं थोडं आहे. चांगला खेळाडू रेल्वेत, सैन्यदलात, बँकेत किंवा ओएनजीसीत नोकरीला लागायचा आणि आपल्या खात्याकडून खेळायचा. पोटाचा प्रश्न सुटायचा, खेळ मात्र नोकरीच्या मापाचा राहायचा.

नवं वारं आलं ते लुधियान्यातून. गुरू नानक स्टेडियममधल्या अकादमीत एस. सुब्रमण्यम हे प्रशिक्षक होते. नावावरून कळलंच असेल, माणूस दक्षिणेतला, राबला पंजाबात. शेतकऱ्यांची उंचापुरी पोरं त्यांनी हाताखाली घेतली. बर्नाल्याजवळच्या बल्लो के गावचा सतनामसिंग, सात फूट दोन इंच, त्यांच्यातलाच. २०१५ साली डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, बावन्नाव्या क्रमांकावर निवडलं. हा मान मिळालेला तो पहिला भारतीय. एनबीएच्या मुख्य सामन्यात मात्र उतरायला मिळालं नाही. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात गेला.

२०१४ सालचा जुलै. चीनमध्ये वुहान शहरात आशिया चषक. प्रशिक्षक अमेरिकन, स्कॉट फ्लेमिंग. आपल्या संघात अमृतपालसिंग आणि अमज्योतसिंग, दोघेही शीख. सामन्यासाठी कोर्टवर उतरायच्या वेळी पंचांनी सांगितलं, पगडी उतरवा. नियमात डोक्यावर काही घालायला मनाई होती. श्रोतेहो, जरा डोळ्यासमोर आणा. परका देश, अंगात देशाची जर्सी, घड्याळ सुरू व्हायला थोडाच वेळ, आणि हात डोक्याकडे जातायत. दोघांनी पगडी उतरवली आणि खेळले. याच स्पर्धेत यजमान चीनला त्यांच्याच घरात आपण ६५–५८ असं हरवलं. चीनला! आशियाई अजिंक्यपद तोवर पंधरा वेळा नेलेल्या संघाला! दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांत ही बातमी शोधायला मला चष्मा लागला.

पगडीचं प्रकरण मात्र गाजलं. शेवटी २०१७ साली जागतिक महासंघानं नियम बदलला आणि पगडी, हिजाब यांना परवानगी दिली. त्याच सुमारास अमृतपाल ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला, तर अमज्योत अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून. वाराणसीचा विशेष भृगुवंशी अनेक वर्षं कर्णधार होता. त्याला २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला.

आणि परवापरवाची गोष्ट. ऑगस्ट २०२५, जेद्दाहमध्ये आशिया चषक. प्रशिक्षक पुन्हा फ्लेमिंग. समोर जॉर्डन, २०१९ आणि २०२३ असे लागोपाठ दोन विश्वचषक खेळलेला संघ. चाळीस मिनिटं संपली आणि फळ्यावर बरोबरी. सामना जादा वेळेत गेला. तिथे जॉर्डननं दम दाखवला आणि ९१–८४ असा जिंकला.

मी हा निकाल आमच्या शाळेतल्या जुन्या सोबत्याला कळवला, तोच तो ‘बाहेरून गेला’ म्हणून शपथ घेणारा. त्याचं उलट उत्तर आलं : ‘आपली पण टीम आहे?’

नमस्कार.