तंबूबाहेरचा उजेड: किती, कुठे आणि कसला

नमस्कार, नाशिककर श्रोतेहो.

दिवाळी सरली, चिखल वाळला, की वैतरणेच्या काठावर, भंडारदऱ्याला, अंजनेरीच्या पायथ्याशी तंबू दिसू लागतात. निघण्यापूर्वी तंबू कोणता आणि स्टोव्ह कोणता यावर घरात तासभर खल होतो. दिव्याचा विषय मात्र "टॉर्च घेतलाय ना रे?" एवढ्यावर मिटतो. डिसेंबरात साडेसहाला अंधार पडतो तो सकाळी साडेसहापर्यंत. या बारा तासांत भाजी चिरायची, जेवायचं, भांडी घासायची, रात्री उठून झाडाआड जायचं. सगळं एका टॉर्चवर सोपवलं की ज्याच्या हातात टॉर्च तो राजा आणि बाकीचे चाचपडत.

चौघांच्या मुक्कामाला माझा हिशेब असा: प्रत्येकाच्या डोक्याला एक हेडटॉर्च, स्वयंपाकाच्या जागी एक टांगता कंदील आणि तंबूत एक अगदी मंद दिवा. पैसे मोजके असतील तर ते हेडटॉर्चवर घाला. कंदील घरीही तयार होतो. पाच लिटरचा पाण्याचा पांढुरका कॅन भरा, हेडटॉर्चचा पट्टा त्याला गुंडाळा आणि दिव्याचं तोंड आत, पाण्याकडे करा. अख्खा कॅन सौम्य उजळतो, चौघांच्या जेवणाला पुरतो.

आता लुमेन, म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तंबूच्या आत २० ते ५० लुमेन पुरे. स्वयंपाकाला १०० ते २००. सपाट पायवाटेवर ५० ते १००, आणि वाट शोधायची असेल तेव्हाच ३००. यापलीकडचा आकडा मुक्कामाला बहुतेक वेळा त्रासच देतो. प्रखर दिव्याकडे एकदा पाहिलं की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतात, आणि तोवर शेजारचा दगडही दिसत नाही.

बाजारात लाखभर लुमेन छापलेले टॉर्च मिळतात. त्यांची शहानिशा साध्या गणिताने होते. बऱ्याच टॉर्चमध्ये १८६५० नावाचा लिथियम सेल असतो, आपल्या बोटापेक्षा थोडा जाड. चांगल्या सेलची क्षमता २,५०० एमएएच (मिलीअँपिअर-तास, सेलच्या साठवणीचं माप) धरली आणि तिला ३.६ व्होल्टने गुणलं, तर सुमारे ९ वॉट-तास वीज होते. चांगला एलईडी एका वॉटमागे साधारण १०० लुमेन देतो. थोडी वीज आतल्या सर्किटमध्ये जाते. म्हणजे एका सेलवर १०० लुमेन सुमारे आठ तास, २०० लुमेन चार तास. यापेक्षा फार मोठा दावा दिसला, तर छपाईचं कौतुक करा आणि पुढे चला. या मापाचा खरा सेल ३,५०० एमएएचच्या आसपास थांबतो, त्यामुळे ९,९०० लिहिलेला सेल खोटाच. वजनही करून पाहा. अस्सल सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो, ३० ग्रॅमच्या आसपास भरला तर आत माल कमी आहे. त्यासाठी सराफ बाजारातला काटा लागत नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो.

खोक्यावर छापलेल्या तासांचंही असंच. हेडटॉर्चसाठी जी मापनपद्धत सर्रास वापरतात, तिच्यात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ मोजतात. चाळीस तास लिहिलं असेल, तर त्यातले बरेच तास दिवा मिणमिणत असतो.

ट्रिपल ए सेलवर चालणारा हेडटॉर्च असेल, तर तिन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले घाला. एक जुना आणि दोन नवे असं केलं की जुना आधी संपतो, बाकीचे दोघे त्याच्यातून उलटी वीज ढकलतात आणि तो गळतो. स्प्रिंगवर पांढरा-हिरवट थर दिसला तर ती हीच गळती. अल्कलाइन सेलमधला द्रव क्षारधर्मी असतो, म्हणून कापसावर थोडं लिंबू घेऊन पुसा, मग ओल्या फडक्याने आणि शेवटी कोरड्याने. ट्रेकवरून आल्यावर सेल काढून ठेवले तर ही वेळच येत नाही.

थंडीचाही विचार करावा लागतो. निफाडकडे जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. अशा गारठ्यात अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, लिथियम बरे टिकतात. रात्री जादाचे सेल बुटात किंवा पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवण्यापेक्षा स्लीपिंग बॅगमध्ये, अंगाजवळ ठेवा.

पॉवर बँकेवर यूएसबीचा दिवा लावणार असाल, तर तिच्यावरचा दहा हजार एमएएचचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आहे हे ध्यानात ठेवा. वीज ३७ वॉट-तास, त्यातली तीसेक बाहेर मिळते. ५ वॉटचा दिवा जेमतेम सहा तास. आणखी एक गंमत: दिवा फार मंद केला की पुष्कळ पॉवर बँका "काही जोडलेलंच नाही" असं समजून अर्ध्या-एका मिनिटात स्वतःहून बंद होतात. लोक दिव्याला शिव्या घालतात. दिवा थोडा वाढवा किंवा सोबत फोन चार्जिंगला लावा.

उजेडाचा रंग किड्यांसाठी महत्त्वाचा. पहिल्या पावसानंतर पंखवाले किडे झुंडीने पांढऱ्या-निळसर उजेडाकडे धावतात आणि आमटीत पडतात. जेवणाजवळ पिवळसर, २,७०० ते ३,००० केल्व्हिनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप) दिवा ठेवा. पांढरा, ६,५०० केल्व्हिनचा असला तर पंधरा-वीस पावलांवर झाडाला टांगा, बरेचसे किडे तिकडे जातील. कंदील साधारण सात फुटांवर, वर स्टीलच्या ताटलीचं झाकण देऊन. उजेड खाली पातेल्यात पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही.

मंद लाल उजेड डोळ्यांची रात्रीची सवय फारशी मोडत नाही, म्हणून तंबूत सामान शोधायला उत्तम. पण त्यात भाजी शिजली की करपली हे कळत नाही, कापलेल्या बोटाचं रक्तही नीट दिसत नाही. चालताना तर लाल नकोच. फुरसं मातीच्या रंगात लपून जातं, काळसर मण्यार अंधारात. पांढरा उजेड पावलापुढे सहा-आठ फुटांवर जमिनीवर टाका. नोटा तपासायचा जांभळा अतिनील टॉर्च मिळाला तर जवळ ठेवा. त्याखाली विंचू हिरवट-निळा चमकतो. झोपण्यापूर्वी तंबूभोवती एक फेरी मारा आणि सकाळी बुटांत डोकवा. तो उजेड डोळ्यांत मात्र घेऊ नका.

पावसाळ्यात इगतपुरीकडे धुक्यात हेडटॉर्च डोक्यावर ठेवला की समोर नुसती पांढरी भिंत दिसते, कारण थेंबांवरून परतलेला उजेड थेट डोळ्यांत येतो. तो डोक्यावरून काढा, कमरेखाली हातात धरा, वाट उघडते.

तंबूत दिवा छताला टांगा. जमिनीवर ठेवला तर आतल्यांच्या सावल्या कापडावर नाचतात, कपडे बदलणाऱ्याचीही करमणूक बाहेरच्यांना मिळते. मेणबत्ती, रॉकेलचा कंदील, पेट्रोमॅक्स, शेगडी तंबूत न्यायचं नाही, दार उघडं असलं तरी. नायलॉन क्षणात वितळतं, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तंबूच्या ताणदोऱ्यांना रिफ्लेक्टिव्ह पट्टी बांधा. अंधारात पाय अडकतो तो तिथेच.

मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला जाणार असाल तर एवढं पाळाच. नर काजवा चमकून मादीला खूण देतो, ती उत्तर देते. मोबाइलचा फ्लॅश, गाडीचे दिवे, तुमचा टॉर्च यांत ती खूण हरवते. हिरडा-बेहड्याच्या झाडांवर उजेड मारू नका. चालताना लाल नको म्हटलं, त्याला इथे तेवढा अपवाद: वाटेपुरता लाल दिवा, तोही जमिनीकडे.

निघण्याच्या दोन दिवस आधी सगळे दिवे पूर्ण चार्ज करून रात्री लावून ठेवा आणि कोण किती तास टिकतो ते लिहून घ्या. प्रवासात टॉर्च पिशवीत आपोआप चालू होऊ नये म्हणून मागचं झाकण पाव आटा सैल करा. सुटे लिथियम सेल किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात टाकू नका, शॉर्ट होऊन तापतात. त्यांना प्लॅस्टिकची छोटी डबी द्या आणि डबीवर नाव टाका, चौघांचे सेल सारखेच दिसतात.

नमस्कार.