वास्को द गामा: येताना २३ दिवस, परतताना तीन महिने

नमस्कार मंडळी! आज एक गणित घालतो. आकडे सोपे आहेत, पण उत्तर वहीत सापडणार नाही, वाऱ्यात सापडेल.

हे बघा, नकाशावर इथे मालिंदी. पूर्व आफ्रिकेतलं बंदर, आजच्या केनियात. वास्को द गामाची तीन जहाजं इथून २४ एप्रिल १४९८ला निघाली. २३ दिवस चहूकडे नुसतं पाणी. १८ मेला मलबारचे डोंगर दिसले आणि २० मेला कालिकतजवळ नांगर पडले. म्हणजे चार हजार किलोमीटरहून जास्त अंतर साडेतीन आठवड्यांत.

आता परतीचा प्रवास. जहाजं तीच, समुद्र तोच. ५ ऑक्टोबरला आपला किनारा सोडला. आफ्रिका कधी दिसली? २ जानेवारी १४९९ला! गामाबरोबरच्या एका माणसाने या सफरीची रोजनिशी लिहिली होती, ती आजही उपलब्ध आहे. त्याचा हिशेब असा: तीन महिन्यांना तीन दिवस कमी.

येताना आणि जाताना एवढा फरक का?

पहिली गोष्ट, येताना जहाजावर एक जाणकार माणूस होता. मालिंदीच्या सुलतानाने दिलेला वाटाड्या. पुस्तकांत अजूनही छापतात की तो प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद होता. ते विसरा, अभ्यासकांनी तो दावा कधीच मोडीत काढलाय. पोर्तुगीज इतिहासकार बारोस त्याला गुजरातचा म्हणतो आणि नाव देतो ‘मालेमो काना’. दुसरा एक इतिहासकार लिहितो ‘कानाका’. आता हे शब्द जरा मोठ्याने म्हणून बघा. गुजरातीत जहाजाची वाट दाखवणाऱ्याला मालम म्हणतात. आणि ‘कानाका’ म्हणजे बहुतेक आपला गणक, ग्रहताऱ्यांची गणितं करणारा. म्हणजे ज्या माणसाने युरोपला भारतापर्यंत आणून सोडलं, त्याचं नाव म्हणून आपल्याकडे फक्त त्याचा हुद्दा उरलाय. मला हे फार लागतं.

या मालमाला काय ठाऊक होतं? एप्रिलच्या शेवटी नैर्ऋत्येचा वारा धरायला लागतो आणि तो शिडांना आफ्रिकेकडून थेट मलबारकडे ढकलतो. जून-जुलैत हाच वारा इतका खवळतो की बंदरं बंद ठेवावी लागतात. मग मधे पडझडीचे दिवस, वारा धड इकडे नाही, धड तिकडे नाही. नोव्हेंबरनंतर ईशान्येचा वारा स्थिरावतो आणि तो परत आफ्रिकेला नेतो. अरबी समुद्रातला व्यापार शेकडो वर्षं याच वेळापत्रकावर चालला होता. आपले कोळी नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या बाहेर काढतात खरे, पण ती किनाऱ्यालगतची मासेमारी. पूर्ण समुद्र ओलांडायचा तर आणखी दोन-तीन महिने कळ काढायची, हे कुठल्याही नाखव्याने सांगितलं असतं.

गामाने कळ काढली नाही. त्याने २९ ऑगस्टला कालिकत सोडलं.

घाई कसली होती? भांडण झालं होतं. कालिकतच्या सामूतिरी राजासाठी गामाने आणलेला नजराणा ऐका: पट्ट्यापट्ट्यांचं कापड १२ नग, टोप्या, पोवळ्याच्या चार माळा, हात धुवायची सहा भांडी, एक पेटी साखर, तेलाची आणि मधाची दोन-दोन पिंपं. मिरीच्या राजधानीत मध आणि साखर! राजाची माणसं हसली. म्हणाली, मक्केहून येणारा सगळ्यात गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, द्यायचं तर सोनं द्या. पुढे निघायच्या वेळी जकातीवरून वाजलं, ६०० अश्रफींची मागणी झाली. गामाने इथली काही माणसं ओलीस धरली आणि शिडं उभारली.

वाटेत ते अंजदीव बेटावर थांबले. कारवारच्या समोर आहे, पण कारभाराने आजही गोव्यात मोडतं. तिथे जहाजं किनाऱ्यावर ओढून तळ खरवडले, गोडं पाणी भरलं. तिथेच एक गृहस्थ भेटायला आले, गोव्याच्या आदिलशाही सरदाराच्या चाकरीतले, पोलंडशी नातं सांगणारे ज्यू. हेर म्हणून त्यांना पकडलं, मारहाण केली आणि नंतर बाप्तिस्मा देऊन नाव ठेवलं गास्पार द गामा. यांचं नाव लक्षात ठेवा.

आणि मग ५ ऑक्टोबर. नेमके पडझडीचे दिवस. कधी वारा पडलेला, कधी तोंडावर. रोजनिशीत लिहिलंय की माणसांच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या, खाता येईना. पाय सुजले, मग सगळं अंग. हा स्कर्व्ही, ताज्या फळांतलं क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग. एकट्या या टप्प्यात ३० माणसं गेली, त्याआधी तेवढीच गेली होती. प्रत्येक जहाजावर काम करू शकणारे उरले सात-आठ जण, आणि तेही धड नव्हते.

गंमत बघा, आणि गंमत हा शब्द इथे मला टोचतोय. येताना मोंबासाला, म्हणजे मालिंदीच्या दक्षिणेच्या बंदराला, पोचल्यावर आजारी माणसं बरी झाली होती. रोजनिशी त्याचं श्रेय तिथल्या चांगल्या हवेला देते. त्या किनाऱ्यावर संत्री भरपूर होती! परतताना मालिंदीला पोचल्यावर मात्र गामाने मुद्दाम माणूस पाठवून संत्री मागवली, कारण आजारी लोकांना त्यांचीच आस लागली होती. काहींना उशीर झाला होता. ते तिथेच गेले.

तीन जहाजं चालवायला आता हातच नव्हते. म्हणून ‘सांव राफाएल’ हे जहाज मोंबासाच्या दक्षिणेला उथळ पाण्यात जाळून टाकलं. त्यावरची राफाएल देवदूताची मूर्ती मात्र काढून घेतली, ती लिस्बनच्या नौदल संग्रहालयात आहे. त्या जहाजाचा कप्तान म्हणजे गामाचा सख्खा भाऊ पाउलो. तो घरी पोचलाच नाही, वाटेत अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांपैकी तेर्सेरावर वारला. निघताना सुमारे १७० माणसं होती, परत आली ५५च्या आसपास.

पुढचा पोर्तुगीज ताफा काब्राल या कप्तानाचा, मार्च १५०० मधे लिस्बनहून निघाला. त्याला सूचना खुद्द गामाने दिल्या होत्या आणि जहाजावर आपले ते अंजदीवचे गास्पार होते. कालिकतला याही वेळी मारामारी झाली, तोफा डागल्या, माणसं मेली, ताफा कोचीनला गेला. पण काब्रालने मलबार सोडलं ते जानेवारी १५०१ मधे, ईशान्येचा वारा पाठीशी घेऊन.