भंगाराच्या वाटेवरून परतलेला रोटाव्हेटर

(दृश्य: गोठ्यामागे बाभळीखाली उभा गंजलेला रोटाव्हेटर. मागची फळी वाकलेली. बाजूच्या पेटीखाली तेलकट मातीचा काळा थर.)

निवेदन :

पाच फुटी रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं यंत्र. रोटरवर, म्हणजे फिरत्या पाइपवर, सहा फ्लँज (चकत्या), प्रत्येक फ्लँजवर सहा, अशी 36 पाती. 45 एचपीच्या ट्रॅक्टरमागे चालणारा, डाव्या बाजूला गिअरची पेटी असलेला. बरेच पावसाळे त्याने उघड्यावर काढले आहेत. भंगारवाला किलोच्या भावाने उचलेल. त्याला हो म्हणण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. मधल्या गिअरबॉक्सचं बीड (ओतीव लोखंड) तडकलंय का, आणि रोटरचा पाइप वाकलाय का. हे दोन्ही शाबूत असतील तर बाकीचं सगळं बाजारात मिळतं आणि घरच्या अंगणात बसवता येतं.

धुवायची घाई नको. आधी बघायचं. जिथे माती कोरडी आणि भुरकट आहे, तिथे काही झालेलं नाही. जिथे ती काळी पडून चिकटली आहे, तिथून तेल बाहेर आलंय. या रोटाव्हेटरवर असे दोन डाग आहेत. एक रोटरच्या डाव्या टोकाला, पेटीखाली. दुसरा वर, पीटीओचा म्हणजे ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा शाफ्ट जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे. खडूने खूण करून ठेवा, कारण धुतल्यावर हा पुरावा जातो.

रोटाव्हेटर मरायला लागतो तो टोकांकडून. पाती झिजली तर कुणालाही दिसतं. टोकाचं सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, फाटलं तर दिसत नाही. तेल थेंब थेंब गळतं, त्याच वाटेने गाळ आत जातो, बेरिंग घासतं, आणि ज्या दिवशी खडखड ऐकू येते तोवर शाफ्टसुद्धा खाल्लेला असतो. म्हणून दुरुस्तीचा निम्मा वेळ टोकांना द्यायचा.

(दृश्य: रोटर लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेला. टोकाजवळ छिन्नी आणि पक्कड.)

काम सुरू करण्याआधी पूर्ण वजन ठोकळ्यांवर टेकवायचं. ट्रॅक्टरच्या लिफ्टवर लटकवून खाली हात घालायचा नाही. हायड्रॉलिक उतरायला क्षणही लागत नाही.

आता जवळून पाहा. पेटी आणि पहिल्या फ्लँजच्या मधल्या फटीत काय निघतंय. आधी हरळीच्या मुळ्यांचं कडं. त्याखाली मल्चिंग पेपरचा वितळून कडक झालेला थर. त्याच्या आत ठिबकची नळी, गुंडाळून दोरीसारखी पिळलेली. आणि सगळ्यात खाली बारीक तार. हीच तार फिरता फिरता सीलच्या ओठावर जाऊन बसली आणि तिने तो कापला. ठिबक गोळा न करता रान रोटरलं की हे होणारच. दिवसाच्या शेवटी विळ्याने ही फट मोकळी करायला फार वेळ लागत नाही, आणि न केल्याने टोक उघडावं लागतं.

पेटीखालचा ड्रेन प्लग काढला की तेल काय ते सांगतं. काळं तेल म्हणजे फक्त जुनं. दुधाळ, ताकासारखं तेल म्हणजे पाणी गेलंय. प्लगवर चमकणारी बारीक भुकटी असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारा कण आला तर दात तुटलाय, मग पेटी पूर्ण उघडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पुलर लावून बेरिंग उतरवा. घणाने ठोकून काढलेलं बेरिंग पुन्हा वापरायचं नसतं, आणि त्यात शाफ्टचे आटेही बिघडतात. नवीन बेरिंगचा नंबर जुन्याच्या रेसवर (कडीवर) कोरलेला असतो, तो वाचून तेच घ्या. शाफ्ट डिझेलने पुसा आणि सील जिथे घासत होतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. या खाचेवर नवं सील बसवणं म्हणजे पैसे मातीत घालणं, कारण ओठ टेकणारच नाही. खाच उथळ असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवता येतं का पाहा, ओठाला कोरी जागा मिळते. खोल असेल तर लेथवाल्याकडे द्या. तो वेल्डिंगने भर घालून जागा मूळ मापाला घोटून देतो, किंवा पातळ बाही चढवतो.

सील बसवताना बाजू चुकते, आणि ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. ज्या बाजूला आतली स्प्रिंग दिसते, ती बाजू ज्याला अडवायचंय त्याच्याकडे. तेल अडवणाऱ्या सीलची स्प्रिंग तेलाकडे. बाहेरून दुसरं सील असेल तर त्याचं तोंड मातीकडे. ओठाला ग्रीस चोळायचं. कोरडं सील पहिल्या काही फेऱ्यांतच जळतं. हातोडा थेट मारायचा नाही. सीलच्या कडेएवढा पाइपचा तुकडा ठेवून, सारखं फिरवत हळूहळू आत न्यायचं.

बेरिंग चढवायचं ते तेलात तापवून. तेल 100 अंशांच्या आसपास, 120 च्या वर कधीच नाही. तापलेलं बेरिंग हाताने सरकतं. ठोकावंच लागलं तर आतल्या रेसवर, बाहेरच्या नाही. बाहेरच्या रेसवर मारलेला प्रत्येक घाव गोळ्यांमधून जातो आणि रेसवर खड्डे पाडतो. तेच बेरिंग नंतर थोड्याच दिवसांत घरघरतं.

(दृश्य: मधला गिअरबॉक्स उघडलेला. क्राउनच्या दातांवर तेलात कालवलेला शेंदूर.)

गिअरबॉक्समध्ये क्राउन आणि पिनियन, म्हणजे एकमेकांत बसणारे मोठा आणि छोटा गिअर. चार दातांना शेंदूर लावायचा, हाताने फिरवायचं आणि ठसा पाहायचा. ठसा दाताच्या मधोमध उमटला तर जोडी नीट बसली आहे. टोकाकडे किंवा मुळाकडे सरकला तर शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) जागा सुधारायची. दातांतली फट साधारण 0.2 ते 0.3 मिलिमीटर. मोजायला सोल्डरची तार दातांमध्ये चेपायची आणि चेपलेली जाडी मापायची. एकाचे दात गेले तरी दोन्ही बदलायचे. ही जोडी एकमेकांवर घासून तयार केलेली असते, एकट्याला नवा जोडीदार चालत नाही.

आता ती वरच्या सीलची गळती. सील दिसायला चांगलं आहे, तरी तेल येतंय. अशा वेळी ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी भोकाची टोपी, काढून फुंकून पाहा. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. ब्रीदरचं भोक मातीने बुजलेलं असलं तर ती हवा सीलमधून वाट काढते आणि सोबत तेल आणते. सील पुन्हा पुन्हा बदलली जातात आणि बुजलेल्या भोकाकडे कुणी बघत नाही. घासलेटमध्ये बुडवून तारेने भोक मोकळं केलं की काम झालं.

तेल 90 किंवा 140 नंबरचं, कंपनीने सांगितलेलं. यंत्र सपाट जागी उभं करून लेव्हल प्लगमधून थेंब यायला लागेपर्यंत भरायचं.

(दृश्य: नवी आणि झिजलेली पाती शेजारी शेजारी. जुन्या पात्याचा आडवा भाग जवळजवळ नाहीसा.)

या पात्याचा आकार ऑस्ट्रेलियातून आला. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड याने 1912 मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गिलगँड्रा इथे, वडिलांच्या शेतात प्रयोग सुरू केले. सुरुवातीची त्याची यंत्रं माती बाजूला उडवायची. मग त्याने एल आकाराचं पातं अंतर राखून फ्लँजवर लावलं, तेही कमी व्यासाच्या रोटरवर, आणि माती जागच्या जागी पडू लागली. 1920 मध्ये त्याने पेटंट घेतलं. आपल्या रानात फिरणारं पातं अजून त्याच घडणीचं आहे.

गंजलेले नट डिझेलमध्ये भिजवून दोन दिवस ठेवा. नाही सुटले तर ग्राइंडरने कापा आणि नवे हाय-टेन्साइल बोल्ट, स्प्रिंग वॉशरसह लावा. जुने बोल्ट परत वापरू नका. झिजलेल्या पात्याला तुकडा वेल्ड करणं टाळा. तापल्याने पात्याचं पाणी उतरतं, आणि ते दगडाला लागून जोडाशेजारीच तुटतं. तुटलेला तुकडा कुठे उडेल हे सांगता येत नाही. पाती अर्ध्याहून जास्त झिजली असतील तर पूर्ण संच बदला. मधेच एखाद-दुसरी नवी लावली की वजन असमान होतं आणि रोटर थरथरतो.

अर्धी पाती डावी, अर्धी उजवी असतात, म्हणजे 18 आणि 18. मधल्या चार फ्लँजवर तीन डावी, तीन उजवी. कडेच्या दोन फ्लँजवर सगळी आतल्या बाजूला वळलेली, नाहीतर पातं पेटीला घासतं. रोटर टोकाकडून बघितला तर पाती नागमोडी चढत गेलेली दिसली पाहिजेत. एका वेळी एक-दोनच जमिनीत घुसतात, म्हणून ट्रॅक्टरला झटके बसत नाहीत. एका फ्लँजचा क्रम चुकला तरी ते लगेच जाणवतं. आणि धार कुठल्या बाजूला? फिरताना जमिनीला आधी लागणाऱ्या बाजूला. धार उलटी लागली की पातं खोदत नाही, नुसतं चोपतं.

पीटीओ शाफ्टचे क्रॉस (सांध्यातले अधिक चिन्हासारखे तुकडे) हाताने हलवून पाहा. ढिले असतील तर बदला आणि नव्यात लगेच ग्रीस भरा. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत हवेत. सरकत्या शाफ्टचा पूर्ण लांब केल्यावरही निदान एक तृतीयांश भाग एकात एक राहिला पाहिजे. शिअर बोल्ट, म्हणजे जास्त ताण आला की आधी तुटणारा बोल्ट, कंपनीच्या दर्जाचाच घाला. जास्त कडक घातला तर दगड लागल्यावर बोल्टऐवजी गिअर तुटतो. आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलेलं असेल तर त्याशिवाय यंत्र जोडूच नका. मिनिटाला 540 फेरे घेणाऱ्या शाफ्टमध्ये ओढणीचं टोक अडकलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

रंग शेवटी. तार-ब्रशने गंज घासा, रेड ऑक्साइड, मग रंग. ब्रीदर, ग्रीस निप्पल आणि शाफ्टच्या स्प्लाइनवर (उभ्या खाचांवर) टेप लावून.

(दृश्य: वाफशावरची काळी जमीन. रोटाव्हेटर जमिनीपासून वीतभर वर.)

आधी हवेत, कमी एक्सलेटरवर, पंधरा मिनिटं. गिअरबॉक्सवर हात ठेवता येत नाही इतका तापला तर थांबा, बेरिंगला जास्त दाब बसलाय. मग रानात, फिरता ठेवूनच हळूहळू टेकवायचा, चार इंच खोली, पहिला गिअर. ओळीच्या टोकाला उचलताना पीटीओ बंद. तिरक्या कोनात फिरत ठेवला की नवा क्रॉस जातो. दोन तासांनी सगळ्या पात्यांचे बोल्ट पुन्हा आवळायचे. पेन्ट आणि गंजाचे थर दबतात, नवे बोल्टसुद्धा सैल होतात.

रात्री पेटीखाली आणि गिअरबॉक्सखाली कोरा पुठ्ठा ठेवायचा. सकाळी पेटीखालच्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग आहे. सील कोरडं आहे. डाग लेव्हल प्लगच्या बरोबर खाली पडलाय. प्लग काढून जुना तांब्याचा वॉशर टाकायचा, नवा घालायचा, आणि पुठ्ठा पुन्हा ठेवायचा.