दोन बाजूंचा बिल्ला

मंडळी, नमस्कार. आजचा विषय अमेरिकेतल्या रोमानियन लोकांचा आहे आणि आपल्या गावात बसून त्यांच्याबद्दल ऐकायला तुम्ही एवढ्या संख्येने आलात, याचा मला मनापासून आनंद आहे. ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलंड नावाचं शहर आहे. त्या शहराच्या पश्चिम भागात मी अकरा वर्षं राहिले. शेजार रोमानियन होता. जे काही सांगणार आहे, त्यातलं बरंचसं त्या शेजारातून आलेलं आहे, बाकीचं नंतर शोधून वाचलेलं.

पहिल्यांदा मी त्यांच्यात गेले ती थेट स्वयंपाकघरात. चर्चचा वार्षिक महोत्सव दोन दिवसांवर आला होता. शेजारच्या आजी म्हणाल्या, हात रिकामे असतील तर चल. रोमानियन भाषेत आजीला 'बुनिका' म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणायचे. चर्चच्या तळघरात लांबच लांब टेबलं मांडलेली, दोन्ही बाजूंना पंधरा-वीस बायका आणि मधे आंबवलेल्या कोबीच्या पानांचे ढीग. वास असा की पहिली दहा मिनिटं डोळ्यांत पाणी येतं. त्या पानांत खिमा, तांदूळ, कांदा आणि शेपू भरून बोटाएवढ्या गुंडाळ्या करतात. त्यांना 'सारमाले' म्हणतात. पान गुंडाळत आणायचं आणि शेवटी दोन्ही टोकं बोटाने आत खुपसायची, म्हणजे शिजताना सुटत नाहीत. माझी पहिली वीस सुटली असती. बुनिकांनी ती काही न बोलता पुन्हा वळली. मी मांसाहार करत नाही म्हटल्यावर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे उपासाचे सारमाले असतातच, कारण ख्रिस्ती धर्माच्या ऑर्थोडॉक्स पंथात उपासाच्या दिवसांत मांस, अंडी, दूध सगळंच वर्ज्य. तांदूळ आणि अळिंबी घातलेलं एक पातेलं त्यांनी माझ्यासाठी वेगळं चढवलं.

मोदक करायला बसलेल्या बायका जशा बोलतात, तशाच त्याही बोलत होत्या. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन. आणि मधेच कोणीतरी म्हणालं, यंदाच्या विक्रीतले अमुक इतके त्या कुटुंबाला द्यायचे ठरलेत ना? त्या कुटुंबातलं लहान मूल आजारी होतं. ठराव नाही, सभा नाही. पानं गुंडाळता गुंडाळता ते पक्कं झालं. महोत्सवाच्या दिवशी मी भरतकामाचे कपडे पाहिले, फेर धरून चाललेलं 'होरा' नृत्य पाहिलं, टाळ्या वाजवल्या. पण डोक्यात तळघरातलं ते एक वाक्य राहिलं. हे लोक सण साजरा करतात आणि शिवाय मदतही करतात, असं मी समजत होते. माझा क्रम उलटा होता. त्यांच्यात मदत आधी आली, सण तिच्या मागून आला. हे मी भावनेच्या भरात बोलत नाही, सालं सांगते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला अमेरिकेत आलेले बहुतेक रोमानियन हे रोमानिया देशातून आलेलेच नव्हते. ते आले ट्रान्सिल्व्हेनिया, बानात आणि बुकोविना या भागांतून, आणि हे भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. शेतकरी माणसं. जमीन थोडी, कर्ज फार. बहुतेक पुरुष एकटे आले. त्यांच्यात एक म्हण होती, 'मिया शी द्रुमुल'. म्हणजे 'हजार आणि वाट'. हजार डॉलर साठवायचे, वर परतीच्या वाटेचं भाडं, आणि गावी जाऊन जमीन घ्यायची. अमेरिकेत राहायचं कोणाच्या मनातही नव्हतं.

काम मिळालं ते पोलादाच्या कारखान्यांत. क्लीव्हलंड, यंगस्टाउन, पिट्सबर्गजवळचं होमस्टेड, पुढे गॅरी आणि डेट्रॉइट. राहायला एकेका घरात दहा-बारा जण. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच अंथरुणात आडवा व्हायचा. गिरणगावातले गाळे ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि ज्यांना मुंबईतली गोयंकारांची कूड, म्हणजे गाववाल्यांनी मिळून चालवलेली राहायची जागा, माहीत आहे, धोबीतलावची, माझगावची, त्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल.

पोलादाच्या कारखान्यात माणूस मेला तर काय? ओहायोत कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला १९११ मध्ये. त्याआधी अपघातात सापडलेल्या माणसामागे काहीच नव्हतं. एकटा माणूस, बायको-मुलं समुद्रापार, भाषा येत नाही. त्याला पुरायचं कोणी? तर या लोकांनी वर्गणी काढून मंडळं केली. १९०२ मध्ये होमस्टेडला 'वुल्तुरुल', म्हणजे गरुड, आणि त्याच वर्षी क्लीव्हलंडला 'कार्पातिना', कार्पेथियन डोंगरांच्या नावावरून. महिन्याला ठरलेली वर्गणी. आजारी पडलास तर मंडळ पैसे देणार, मेलास तर मंडळ रीतसर माती देणार आणि घरच्यांना रक्कम पाठवणार. १९०६ मध्ये अशा मंडळांचा संघ झाला. त्याच वर्षी क्लीव्हलंडला 'अमेरिका' नावाचं रोमानियन वर्तमानपत्र सुरू झालं. ते एका धर्मगुरूने काढलं, त्यांचं नाव मोइसे बालेआ.

आणि चर्च? क्लीव्हलंडचं सेंट मेरी रोमानियन ऑर्थोडॉक्स चर्च स्थापन झालं १९०४ मध्ये. ग्रीक-कॅथलिक, म्हणजे विधी ऑर्थोडॉक्सांसारखे पण पोपला मानणाऱ्या रोमानियनांचं सेंट हेलेना १९०५ मध्ये. म्हणजे क्लीव्हलंडमध्ये माती देण्याची सोय आधी झाली, प्रार्थनेची घंटा दोन वर्षांनी वाजली. मला हे फार मोठं वाटतं. देवळासाठी वर्गणी काढायची आणि उरलं तर गरिबाला द्यायचं, असं इथे झालं नाही.

आता मी ज्यासाठी उभी आहे ती वस्तू. बुनिकांच्या चर्चमध्ये येणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचे आजोबा पोलाद कारखान्यात होते. एकदा घरी गेलो तर त्यांनी पत्र्याच्या डबीतून आजोबांचा मंडळाचा बिल्ला काढला. वर धातूची पिन, खाली रेशमी फीत, फितीवर मंडळाचं नाव आणि टोकाला सोनेरी झालर. लाल, पिवळा, निळा, रोमानियन झेंड्याचे रंग. रंग विटलेले, पण ओळखू येत होते. मी म्हटलं, सुंदर आहे. त्यांनी तो बोटांत फिरवला. मागची बाजू पूर्ण काळी, त्यावर चंदेरी अक्षरं. मिरवणुकीला जाताना रंगीत बाजू पुढे, सभासदाच्या अंत्ययात्रेला जाताना काळी. तेव्हाच्या कित्येक स्थलांतरितांच्या मंडळांत असे बिल्ले असत. दोन वेगळे बिल्ले करून घ्यायला पैसे नसतील, हे कारण असेलही. मी मात्र त्या फितीकडे बघत राहिले. जो माणूस राष्ट्रीय दिवसाला छाती काढून चालणार, त्यानेच तीच पिन टोचून अनोळखी गाववाल्याच्या शवपेटीमागे चालायचं. फीत हातात घेतली तेव्हा कळलं की काळी बाजू जास्त झिजलेली आहे.

'हजार आणि वाट' म्हणत आलेल्यांतले बरेच जण खरोखर परत गेले. १ डिसेंबर १९१८ ला आल्बा यूलिया इथे ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाशी जोडला गेल्याची घोषणा झाली. तो आज त्यांचा राष्ट्रीय दिवस आहे. त्यानंतर तर आणखी लोक परतले. जे राहिले त्यांनी बायका आणल्या, घरं घेतली, मुलं इंग्रजी शाळेत घातली. १९२९ मध्ये डेट्रॉइटला चर्चची परिषद भरून अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स रोमानियनांसाठी वेगळं धर्मक्षेत्र ठरलं आणि पहिले बिशप पोलिकार्प मोरुश्का १९३५ मध्ये आले. त्यांच्या काळात मिशिगनमधल्या ग्रास लेकजवळ शेती घेतली गेली. नाव 'वात्रा रोमान्यास्का'. 'वात्रा' म्हणजे चूल, घराचं मधलं ठिकाण. १९३९ मध्ये बिशप मायदेशी गेले, युद्ध पेटलं आणि ते परत येऊ शकले नाहीत. चूल मात्र विझली नाही, आजही ते त्या धर्मक्षेत्राचं मुख्य ठिकाण आहे.

सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर रोमानियात साम्यवादी राजवट आली आणि राजधानी बुखारेस्टच्या धर्मसत्तेचं ऐकायचं की नाही, यावरून अमेरिकेतली रोमानियन चर्चं दुभंगली. एकाच शहरातली माणसं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. नव्याने आलेले निर्वासित जुन्यांना अडाणी समजायचे, जुने नव्यांना आगाऊ. आपल्याकडचं कोणतंही मंडळ आठवा.

बुनिका त्या नव्यांतल्या. ऐंशीच्या दशकात आल्या. टंकयंत्रसुद्धा पोलिसांकडे नोंदवावं लागे, त्या देशातून. थंडीत घर गरम करायला इंधन नाही, पाव रेशनवर. त्या सांगायच्या आणि सांगता सांगता उठून माझ्या ताटात आणखी वाढायच्या. उपाशी राहिलेल्या माणसाचा तो हात मी ओळखते, माझ्या आजीचा तसाच होता.

त्यांच्या चर्चची इमारत १९६० च्या सुमाराची आहे. उत्तर रोमानियातल्या मारामुरेश भागात लाकडी देवळं आहेत, उंच निमुळत्या कळसांची. त्या धर्तीवर ती बांधली. शेजारी संग्रहालय आहे. गालिचे, मातीची भांडी, काचेवर रंगवलेल्या देवप्रतिमा. काचेच्या मागच्या बाजूने रंगवायच्या असल्यामुळे त्यांचा क्रम उलटा असतो. रेघ आधी, पार्श्वभूमी शेवटी. आणि 'इये', बायकांचं भरतकामाचं पोलकं. खांद्यावरच्या पट्ट्याला 'आल्तित्सा' म्हणतात आणि त्यावरची नक्षी गावागावाची वेगळी. या पोलक्याच्या कलेची युनेस्कोने २०२२ मध्ये नोंद केली. बुनिका मला हे दाखवताना म्हणाल्या, हे एकटीने होत नसे. संध्याकाळी बायका एका घरी जमून शिवायच्या, त्या बैठकीला 'शेझातोआरे' म्हणतात. आणि कोणाचं मक्याचं पीक काढायचं, कोणाचं घर उभं करायचं तर सगळं गाव जायचं, घरधनी फक्त जेवण द्यायचा. ती 'क्लाका'. मी जवळजवळ ओरडलेच, अहो, ही तर इर्जिक! अर्थात जमीनदाराच्या शेतावर राबावं लागे त्या वेठीलाही हाच शब्द होता, ती वेठ रोमानियात १८६४ मध्ये कायद्याने संपली. शब्द तोच, एक राबणं मनाचं आणि एक मानगुटीवरचं. लोकांनी पहिलं समुद्रापार नेलं.

क्लीव्हलंडमध्ये एक बागांची माळच आहे, वेगवेगळ्या देशांतून आलेल्यांनी केलेली. रोमानियन बाग १९६७ ची, तिथे संगीतकार जॉर्जे एनेस्कूंचा पुतळा आहे. त्याच माळेत भारताची बाग आहे आणि तिथे गांधीजी उभे आहेत. आपल्या बागेत झाडलोट करायला गेल्यावर मी रोमानियन बागेतही जाऊन यायचे. तण तिथेही तेच.

आज रोमानियन स्थलांतर म्हटलं की अमेरिका मागे पडते. इटलीत दहा लाखांहून जास्त रोमानियन आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत रोमानियात जन्मलेले सुमारे ऐंशी हजार होते, २०२१ मध्ये पाच लाख एकोणचाळीस हजार. १ जानेवारी २०१४ ला त्यांच्यावरची कामाची बंधनं उठली, तेव्हा तिथल्या कित्येक वर्तमानपत्रांनी जणू टोळधाडच येते आहे असं लिहिलं. पुढे जून २०१७ मध्ये लंडन ब्रिजजवळ हल्ला झाला. बरो मार्केटमधल्या बेकरीत काम करणाऱ्या एका रोमानियन तरुणाने हल्लेखोरावर पावाचा क्रेट घातला आणि लोकांना बेकरीत घेऊन दार लावलं. मला ते वाचून रडू आलं. त्याने ना पोलकं घातलं होतं, ना झेंडा धरला होता.

शेवटचं सांगते. बुनिकांचे यजमान वारले त्याला चाळीस दिवस झाले, त्या दिवशी त्या माझ्या दारात आल्या. हातात नवाकोरा चिनी मातीचा वाडगा, त्यात 'कोलिवा', म्हणजे शिजवलेले गहू, साखर, अक्रोड. सोबत एक टॉवेल आणि मेणबत्ती. गेलेल्या माणसाच्या नावाने जे देतात त्याला ते 'पोमाना' म्हणतात. मी सवयीने 'थँक यू' म्हटलं. त्या थांबल्या. म्हणाल्या, नाही, आज आभार मानायचे नाहीत. आज 'बोग्दाप्रोस्ते' म्हणायचं. देव त्यांना क्षमा करो, असा त्याचा अर्थ. घेणाऱ्याने म्हणायचं आणि ते गेलेल्याला पोचतं. म्हणजे मी घेतलं नसतं, तर त्यांचं देणं अपुरं राहिलं असतं. पितृपक्षात कावळ्याची वाट बघणाऱ्या घरात मी वाढले आहे, मला समजावून सांगावं लागलं नाही.

मी म्हटलं, बोग्दाप्रोस्ते. उच्चार चुकला. त्यांनी पुन्हा म्हणून घेतलं, दोनदा, मग वाडगा माझ्या हातात सोडला.