परीक्षक आधी नोंदवही मागतात

(दृश्य: सभागृह, टेबलांच्या रांगा, प्रकल्पांचे फलक)

शालेय विज्ञान-प्रकल्पांच्या स्पर्धेत सभागृहात शिरणाऱ्याची नजर पहिल्यांदा रंगांवर, ठळक मथळ्यांवर आणि फिरत्या-लुकलुकत्या प्रतिकृतींवर जाते. अनुभवी परीक्षकाचा हात मात्र टेबलापाशी येताच फलकाच्या कडेला ठेवलेल्या नोंदवहीकडे जातो. फलक काम संपल्यावर तयार होतो, नोंदवही काम चालू असताना भरत जाते. त्यामुळे विद्यार्थ्याने खरोखर शोध घेतला की तयार माहितीची मांडणी केली, हे आधी तिथेच कळते.

(दृश्य: नोंदवहीची पाने, जवळून)

ही पाने नीट पाहावीत. प्रत्येक नोंदीला तारीख आहे, मधेच शाई बदलली आहे, आणि एक आकडा आडव्या रेघेने खोडलेला असला तरी तो अजून वाचता येतो. चुकलेले वाचन पुसायचे नसते, ते असेच ठेवून शेजारी कारण लिहायचे असते. नाहीतर आकडा चुकला म्हणून बदलला की निष्कर्षाला सोयीचा नव्हता म्हणून, हे कोणालाच ठरवता येत नाही. एका बैठकीत सुवाच्य अक्षरात उतरवलेली वही समोर आली, तर कच्ची वही कुठे आहे, हा परीक्षकाचा पुढचा प्रश्न असतो.

(दृश्य: काचेच्या ताटल्या, अंकुरलेल्या बिया, मोजपट्टी)

या टेबलावरचा प्रकल्प खारट पाण्याचा बियांच्या उगवणीवर होणारा परिणाम तपासतो. विषय नवा नाही, पण जुन्या विषयावरही काटेकोर काम होऊ शकते. साध्या पाण्यातल्या बिया तुलनेसाठी वेगळ्या ठेवल्या आहेत. मिठाचे प्रमाण तेवढे बदलले असून प्रकाश, तापमान आणि पाण्याचे माप सारखे राखले आहे. परीक्षक विचारतात, “मिठाच्या प्रत्येक प्रमाणासाठी तीस बिया घेतल्या, त्या एकाच ताटलीत होत्या की दहा-दहा करून तीन ताटल्यांत?”

(दृश्य: विद्यार्थिनी ताटल्या दाखवते, काही क्षण निवेदन नाही)

या प्रश्नामागे प्रयोगरचनेचा गाभा आहे. तीसही बिया एकाच ताटलीत असतील आणि त्या ताटलीला बुरशी लागली किंवा ती खिडकीजवळ राहिली, तर तिचा फटका सगळ्या बियांना एकदमच बसतो. अशा वेळी बिया तीस मोजल्या तरी प्रयोग एकदाच झालेला असतो. तीन स्वतंत्र ताटल्या घेतल्या, तर ताटली-ताटलीतला फरक दिसतो आणि मिठामुळे पडलेला फरक त्याहून मोठा आहे का, हे तपासता येते.

(दृश्य: मोजपट्टीवर मूळ, मग तक्ता)

मोजपट्टीचे लघुतम माप १ मिलिमीटर आहे, आणि तक्त्यात मुळांची सरासरी लांबी २३.४६६७ मिलिमीटर अशी लिहिली आहे. दशांश चिन्हापुढचे हे आकडे गणकयंत्राने दिले, मोजणीने नव्हे. परीक्षक त्यासाठी लगेच गुण कापत नाहीत. यातला कोणता आकडा विश्वासाचा आहे, एवढेच विचारतात, आणि मिळालेल्या उत्तरावर गुण ठरतात. अपेक्षेविरुद्ध निकाल आला म्हणून प्रकल्प दुबळा ठरवणे हा परीक्षणातला मोठा अन्याय आहे, कारण गृहीतक खोटे ठरले तरी पद्धत चोख असू शकते.

(दृश्य: परीक्षक आणि विद्यार्थिनी, संभाषण)

शालेय संशोधनाच्या सर्वांत मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांपैकी एक म्हणजे ‘इंटरनॅशनल सायन्स अँड इंजिनिअरिंग फेअर’. तिची सुरुवात १९५० मध्ये फिलाडेल्फिया येथे झाली. विज्ञान प्रकल्पांसाठी तिथे वापरल्या जाणाऱ्या १०० गुणांच्या निकषांत संशोधन-प्रश्नाला १०, आराखडा व पद्धतीला १५, माहितीचे संकलन व विश्लेषण यांना २० आणि सर्जनशीलतेला २० गुण आहेत. उरलेले ३५ गुण सादरीकरणाचे; पण त्यातही फलकाला फक्त १० आणि मुलाखतीला २५. म्हणजे रात्र-रात्र जागून सजवलेल्या फलकापेक्षा समोरासमोरच्या बोलण्याचे वजन अडीच पट आहे, आणि ते तसेच असायला हवे. काम विद्यापीठाच्या किंवा संशोधनसंस्थेच्या प्रयोगशाळेत झाले असेल, तर विद्यार्थ्याने स्वतः नेमके काय केले, याचा लेखी खुलासा तिथे त्या संस्थेकडून घेतला जातो. मोठ्या उपकरणाने दिलेला आलेख प्रकल्पात असायला हरकत नाही. त्यावरचा उंचवटा कशामुळे आला, हे मात्र विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. घोकलेले निवेदन मधेच थांबवून विचारलेला साधा प्रश्न इथे पुरेसा ठरतो.

(दृश्य: गुणपत्रके, संगणकाचा पडदा)

प्रत्येक परीक्षकाचा हात सारखा सैल नसतो. एखाद्याच्या गुणांची सरासरी ६० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात, त्याचे माप) ८ असेल, तर त्याने दिलेले ७२ गुण सरासरीच्या दीड विचलन वर येतात. दुसऱ्याची सरासरी ८० आणि विचलन ५ असेल, तर त्याचे ८४ गुण जेमतेम ०.८ विचलन वर राहतात. या हिशेबाने ७२ गुणांचा प्रकल्प पुढे आहे. अर्थात, प्रत्येक परीक्षकाने पुरेसे प्रकल्प पाहिले असतील आणि ते सरमिसळ करून वाटले असतील, तरच हा हिशेब न्याय्य ठरतो. अगदी जवळच्या गुणांवर थांबलेल्या प्रकल्पांसाठी परीक्षक एकत्र बसतात आणि नोंदवह्या पुन्हा उघडल्या जातात.

(दृश्य: याद्या लावल्या जातात)

निवडलेले प्रकल्प पुढच्या फेरीला जातात. बाकीच्यांच्या गुणपत्रकातला ‘अभिप्राय’ हा रकाना वेळेअभावी बहुतेकदा कोराच राहतो.