पिंप ओतलं, पण घासलं का?

(सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावी, वाचनालयाच्या श्रावणातल्या व्याख्यानात एका निवृत्त आरोग्यसेविकेने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आत येताना दारातच एका आईनं मला थांबवलं आणि पोराची पोटरी दाखवली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गांधी उठलेल्या, खाजवून साल निघालेली, वर चुना फासलेला. ती म्हणाली, "बाई, ह्याचं रक्तच गोड आहे. घरातले सगळे डास ह्यालाच धरतात." मग तिथूनच सुरुवात करते.

रक्ताच्या गोडीचा इथं संबंध नाही. आपल्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, अंगाला ऊब असते, घामाला वास असतो. डास ह्या तिन्हींच्या मागानं येतो. वास ज्याचा त्याचा वेगळा, म्हणून एकाला जास्त चावतात, दुसऱ्याला कमी. गरोदर बाईला जास्त चावतात, तिला जपा. चावते ती मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं. ओढताना रक्त गोठू नये म्हणून ती आधी स्वतःची लाळ आपल्या कातडीत सोडते. आपलं शरीर त्या लाळेवर चवताळतं, त्याची गांध उठते आणि खाज सुटते. लहान पोरांच्या शरीराला त्या लाळेची सवय नसते, म्हणून त्यांच्या गांधी मोठ्या.

आता उपाय. चावलेली जागा साबणानं धुवा. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं चालतं. वर कॅलामाइन लावा. घरात काहीच नसेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा आणि दहा मिनिटांनी धुऊन टाका. झोप उडण्याइतकी खाज असेल तर डॉक्टरांना विचारून सेट्रिझिनची गोळी. चुना लावू नका, त्यानं कातडी भाजते. टूथपेस्टही नको. सांगलीची हळद जगभर जाते, मलाही तिचा अभिमान आहे, पण उघड्या जखमेवर डब्यातली हळद दाबून भरू नका. आणि पोरांची नखं कापा. मी पाहिलेल्या चिघळलेल्या पायांपैकी बहुतेक नखांनी चिघळले होते. लाली पसरायला लागली, जागा गरम लागली, पू झाला, ताप आला, की दवाखाना. मधुमेह असेल त्यानं तर एक दिवसही थांबू नये. ओठ-डोळे सुजले, दम लागला, तर लगेच गाडी काढा.

एवढं झालं चावल्यानंतरचं. माझी सगळी नोकरी सरली ती चावण्याच्या आधीच्या कामात, घरोघरी पाण्याची भांडी तपासण्यात.

एक घर मला आजही दिसतं. शेणानं सारवलेलं अंगण, भांडी लखलखीत, आणि घरात दोन माणसं डेंग्यूनं झोपलेली. त्या मावशी रडकुंडीला आल्या होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही सांगितल्यापासून दर गुरुवारी पिंप ओतते. एक गुरुवार चुकवला नाही." खरंच चुकवला नव्हता. मी पिंपात हात घातला आणि पाण्याच्या रेघेच्या वरच्या अंगानं बोट फिरवलं. बोटाला खरखर लागली. काजळीचे कण चिकटावेत तसे काळे ठिपके होते. नारळाचा काथ्या घेऊन ते खरवडले, पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन त्यात सोडले आणि वाटी जाळीखाली झाकून ठेवली. दोन दिवसांनी गेले तर वाटीत केसाएवढ्या अळ्या वळवळत होत्या.

डेंग्यूचा डास अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. पिंप ओतलं तरी ती तिथंच राहतात. कोरडी पडून महिनोन्‌महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं, अंड्यांपर्यंत चढलं, की फुटतात, आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. आपण "कोरडा दिवस पाळा", म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी ओता, म्हणून सांगत आलो. "घासा" हे तेवढ्या जोरानं सांगितलं नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या मावशींचा काही दोष नव्हता.

आपल्याकडे नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळे साठवण सुटणार नाही. मग साठवा, पण आठवड्यातून एकदा काथ्यानं आतून घासा, उन्हात पालथं घाला, भरल्यावर फडकं घट्ट बांधा. जे घासता येत नाही, गोठ्यातला हौद, शेततळं, त्यात गप्पी मासे सोडा. फ्रिजच्या मागचा ट्रे बघा, कूलर बघा. टायर, करवंट्या, छपरावरचं प्लास्टिक काढा. संडासाच्या पाइपाला जाळी बांधा. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर घराघरांतलं सामान रस्त्यावर आलं आणि त्यातल्या प्रत्येक खोलगट वस्तूत पावसाचं पाणी साचत राहिलं. दिवाळीनंतर ऊसतोडीची माणसं येतील. त्यांच्या खोपीला ना दार ना खिडकी, प्यायचं पाणी उघड्या पिंपात. त्यांच्या तळावरही आशाताईंना घेऊन जा, ती आपलीच माणसं आहेत.

धुराची गाडी आली की आपल्याला बरं वाटतं. तिनं उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात. कॉइलबद्दलही सांगते: एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते. दारं-खिडक्या लावून तान्ह्या बाळाच्या उशाशी ती लावू नका. मच्छरदाणी बांधा, आणि बाळ दुपारी झोपतं तेव्हाही बांधा, कारण डेंग्यूचा हा पट्टेरी डास दिवसा चावतो. पंखा लावा, वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही. अंगाला लावायचं मलम डीट किंवा पिकारिडिनचं घ्या. पोरांच्या तळहाताला, डोळ्यांजवळ लावू नका, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला अजिबात नको.

आज २० ऑगस्ट. १८९७ साली ह्याच तारखेला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. १९७३ ला बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली, २०२१ ला पुरंदरच्या बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. चिकुनगुन्या, झिका आणि डेंग्यू, तिन्ही पसरवतो तो हाच पट्टेरी डास.

माझ्या पुतण्याला ताप आला तेव्हा एका दवाखान्यात अंगदुखीची सुई दिली. चौथ्या दिवशी ताप उतरला, घरात सगळे सुटलो म्हणाले. संध्याकाळी पोटात कळा, उलट्या, हिरड्यांतून रक्त. मिरजेला वेळेत पोचलो म्हणून तो आज आहे. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो. तापात पॅरासिटामॉलच द्या, अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन नको. पाणी, पेज, सरबत पाजत राहा. पोटात दुखलं, उलट्या थांबेनात, कुठून रक्त आलं, पोर मलूल पडलं, तर ताप नाही म्हणून घरी थांबू नका.

वाचनालयाच्या मागं एक पिंप आहे, मी येतानाच पाहिलं. काथ्या आणि पांढरी वाटी पिशवीत आणली आहे. चला, सगळे मागं या.